रुग्णाला कोणत्या भाषेत विचारले?
बहुभाषिक सोलापुरातील वाचाघात आणि आपली प्रश्नपरीक्षा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. शहराच्या पूर्व भागातील, साठी ओलांडलेले एक विणकर गृहस्थ पक्षाघातानंतरच्या उपचारांसाठी माझ्याकडे आणले गेले. आघात होऊन तीन आठवडे लोटले होते. रुग्णालयातील तातडीचे उपचार पूर्ण झाले होते. उजवा हात व उजवा पाय निर्बल होता आणि वाणी जवळजवळ बंद होती. नेहमीच्या पद्धतीने मी त्यांना म्हटले, "आजोबा, डोळे मिटा." काही नाही. "डावा हात वर करा." ते माझ्याकडे पाहत राहिले. मी रुग्णपत्रिकेवर 'आकलन नाही' अशी नोंद केली आणि मुलाला बाजूस घेऊन सांगितले की, वडिलांना बोललेले समजत नाही, धीर धरावा लागेल. मुलाने मान खाली घातली.

शेजारी त्यांची नात उभी होती. ती खाली वाकून हळूच म्हणाली, "ताता, चेयी एत्तू." आजोबांनी डावा हात वर केला.

त्या क्षणी माझ्या हातून काय झाले होते, ते माझ्या लक्षात आले. तीस वर्षे मागावर काम करताना हे गृहस्थ मराठी बोलत आले होते, मुलगाही माझ्याशी अस्खलित मराठीत बोलत होता; म्हणून घरातली भाषा कोणती, हे विचारण्याची गरजच मला वाटली नव्हती. मी नोंद खोडली. पण मुलाला जे सांगून बसलो होतो, ते खोडता येण्यासारखे नव्हते. तीन आठवडे घरची मंडळी त्यांच्याशी तेलुगूत बोलत होती आणि आपल्याला उत्तर मिळते आहे, असे त्यांना वाटतही होते. माझ्या एका वाक्याने तो विश्वास डळमळला होता.

प्रस्तुत लेख त्या चुकीतून निर्माण झाला आहे. वाणी आणि भाषा मेंदूत कशा नांदतात, दोन-तीन भाषा बोलणाऱ्या माणसाला वाचाघात झाला असता काय होते, आणि आपण वैद्यांनी व औषधी दुकानदारांनी त्यातून काय घ्यावे, एवढाच त्याचा हेतू आहे.

शास्त्रग्रंथांतील वाणीविचार

वाक्प्रवृत्ती हे उदान वायूचे कर्म, हे आपण सर्वजण पहिल्या वर्षापासून जाणतो. वाग्भटांनी उदानाच्या कर्मांत वाणीबरोबर स्मृतीचाही समावेश केला आहे, ही बाब येथे विशेष लक्षणीय होय. चरकसंहितेच्या वातव्याधिचिकित्सेत पक्षाघाताचे वर्णन करताना उजवी किंवा डावी बाजू निश्चेष्ट होणे आणि वाक्स्तंभ ही लक्षणे एकत्र सांगितली आहेत. सुश्रुतांनी निदानस्थानात शब्दवाहिनी धमन्या कफयुक्त वायूने आवृत झाल्या असता मूक, मिन्मिन व गद्गद असे वाणीचे विकार होतात, असे सांगितले आहे. तर शारीरस्थानात ऊर्ध्वग धमन्यांची कर्मे सांगताना भाषण करणाऱ्या दोन आणि घोष करणाऱ्या दोन अशा वेगळ्या धमन्या गणल्या आहेत. आवाज निघणे आणि बोलणे या दोन क्रिया भिन्न आहेत, हा विवेक त्या वर्गीकरणात स्पष्ट दिसतो.

आधुनिक शरीरक्रियाविज्ञानाचे निष्कर्ष प्राचीन ग्रंथांत शोधण्याचा अट्टहास करू नये, या मताचा मी आहे. परंतु हा भेद रुग्णाच्या शय्येजवळ आजही तितकाच उपयोगी पडतो. घोष व उच्चार बिघडला तर जीभ जड होते, शब्द बोबडे येतात. परंतु रुग्णाला सर्व समजते आणि त्याला लिहूनही दाखवता येते. भाषाच बिघडली तर जीभ व ओठ चांगले असूनही शब्द सापडत नाही, वाचन-लेखन अडते, कधी आकलनही ढासळते. या दुसऱ्या अवस्थेस मराठीत वाचाघात म्हणतात.

मेंदूतील भाषेची जागा

सन १८६१ मध्ये पॅरिस येथे पॉल ब्रोका या शल्यचिकित्सकाने एका रुग्णाची हकीगत मांडली. त्या रुग्णाला बोललेले पुष्कळसे समजे, मात्र त्याच्या तोंडून 'टॅन' या एकाच ध्वनीची पुनरावृत्ती होई. मरणोत्तर तपासणीत त्याच्या मेंदूच्या डाव्या अर्धगोलातील पुढील खंडाच्या खालच्या भागात विकृती आढळली. पुढे १८७४ मध्ये कार्ल व्हेर्निके या जर्मन वैद्याने याउलट प्रकार वर्णिला: रुग्ण भरभर बोलतो, परंतु बोलण्यास अर्थ नसतो आणि इतरांचे बोलणेही त्याला कळत नाही. येथे विकृती डाव्या कर्णखंडाच्या मागील भागात होती. आज भाषेचे कार्य एखाद-दुसऱ्या केंद्रात बंदिस्त मानले जात नाही. अनेक भाग व त्यांना जोडणारे तंतू यांचे ते जाळे आहे, असे मानतात. तरीही रुग्ण तपासताना हे दोन नमुने डोळ्यांपुढे असावेत.

उजवखोऱ्या माणसांपैकी सुमारे ९५ टक्क्यांमध्ये भाषेची मुख्य जबाबदारी डाव्या अर्धगोलाकडे असते. डावखोऱ्यांतही सुमारे ७० टक्क्यांमध्ये तसेच असते. डाव्या अर्धगोलातून शरीराच्या उजव्या बाजूचे चलन होते, म्हणूनच उजव्या अंगाच्या पक्षाघाताबरोबर वाणी जाण्याचा प्रसंग अधिक वेळा येतो.

दुसऱ्या नमुन्याबद्दल एक सावधगिरीची सूचना. व्हेर्निके प्रकारच्या आघातात हातापायांचे बळ अनेकदा शाबूत असते. माणूस चालतो, जेवतो, पण अचानक असंबद्ध बोलू लागतो. घरचे लोक त्यास उन्माद किंवा बाहेरची बाधा समजतात. बहुभाषिक वस्तीत आणखी एक गैरसमज होतो: ऐकणाऱ्याला वाटते की हा दुसऱ्याच कुठल्या भाषेत बोलतो आहे. बोलणे अचानक निरर्थक झाले असेल, तर पक्षाघात नाही असे सिद्ध होईपर्यंत तो पक्षाघातच समजून पुढील पावले उचलावीत.

दोन भाषा, एकच घर

सोलापूर हे कोणत्याही एका भाषेचे शहर नाही, हे येथील वाचकांना सांगणे न लगे. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची वचने कन्नडमध्ये आहेत. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकर समाजाने चादरीचा व टॉवेलचा उद्योग उभा केला आणि घरात तेलुगू जपली. अक्कलकोट व दक्षिण सोलापुरातील अनेक कुटुंबांत आजही घरात कन्नड व बाजारात मराठी चालते. दखनी उर्दूचा वावर वेगळाच. एकच माणूस आईशी एका भाषेत बोलतो, कारखान्यात दुसऱ्या भाषेत आणि हिशेब कधी तिसऱ्याच भाषेत करतो.

या भाषा मेंदूत वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेल्या असतात काय? सन १९९७ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १२ द्विभाषिक व्यक्तींची मेंदूप्रतिमा घेण्यात आली. बालपणापासून दोन्ही भाषा शिकलेल्यांत ब्रोका क्षेत्रातील दोन्ही भाषांची जागा बहुतांशी एकच आढळली. मोठेपणी दुसरी भाषा शिकलेल्यांत त्या जागा शेजारी-शेजारी पण वेगळ्या दिसल्या. व्हेर्निके क्षेत्रात मात्र असा फरक आढळला नाही. नंतरच्या अभ्यासांवरून असे दिसते की, प्रभुत्व वाढत जाते तसतशी दुसरी भाषाही पहिलीच्याच जाळ्याचा उपयोग करू लागते. म्हणजे स्वतंत्र कोठड्या नव्हेत, तर एकाच घरातील दोन बिऱ्हाडे.

शेजारच्या सांगली जिल्ह्यातील कुपवाड गावाचे उदाहरण भाषाशास्त्रात जगभर शिकवले जाते. जॉन गंपर्झ व रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले की, तेथील कन्नड, मराठी व उर्दू बोली पिढ्यान्‌पिढ्यांच्या सहवासाने वाक्यरचनेत इतक्या जवळ आल्या होत्या की, शब्दाच्या जागी शब्द ठेवला तरी वाक्याचा सांगाडा तोच राहत असे. भाषा अशा एकमेकींत मिसळून नांदतात. मग योग्य वेळी योग्य भाषा तोंडी येते कशी? त्यासाठी मेंदूत एक नियंत्रक यंत्रणा काम करते. एक भाषा बोलताना दुसरीला आवरून धरणे हे तिचे काम. मेंदूच्या पुढील खंडाचे काही भाग व खोलवर असलेले पुच्छक केंद्र यांचा त्यात सहभाग आहे. हे केंद्र किंवा त्याचे जोडतंतू दुखावले, तर रुग्ण समोर कोण आहे याचे भान न ठेवता भाषा बदलतो, एका वाक्यात तीन भाषा आणतो. तो वात्रटपणा नव्हे किंवा वेडही नव्हे.

प्रौढपणी शिकलेली भाषाही किती खोल जाऊ शकते, याचे उदाहरण सोलापूरचेच आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १९१० साली येथे झाला. सन १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून ते चीनला गेले, तेव्हा ते सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचे होते. तेथे त्यांनी चिनी भाषा आत्मसात केली आणि रुग्णांशी व विद्यार्थ्यांशी ते त्याच भाषेत व्यवहार करू लागले. परक्या भाषेत रुग्णाची व्यथा ऐकून घेणारा वैद्य या गावाने जगाला दिला, याचे स्मरण या विषयाच्या संदर्भात व्हावे.

आघातानंतर कोणती भाषा परतते?

हा प्रश्न जुना आहे. फ्रेंच विद्वान रिबो यांनी १८८१ मध्ये स्मृतीच्या विकारांविषयी लिहिताना असा नियम मांडला की, जे आधी शिकले ते अधिक टिकते. त्यानुसार मातृभाषा आधी परतावयास हवी. पित्र यांनी १८९५ मध्ये वेगळे मत दिले: आघातापूर्वी जी भाषा सर्वांत अधिक वापरात होती, ती आधी परतते. गेल्या शतकात मॉन्ट्रियल येथील मिशेल पॅराडी यांनी जगभरातील रुग्णवृत्ते एकत्र करून दाखवले की, कोणताही एक नियम सर्वांना लागू पडत नाही. बहुसंख्य रुग्णांत दोन्ही भाषा बरोबरीने सुधारतात. काहींत एक भाषा पुढे जाते व दुसरी मागे राहते. काहींत एक परतल्यानंतरच दुसरी येऊ लागते. क्वचित एक सुधारत असता दुसरी मागे सरते. आणि क्वचित एकच भाषा परतते. रुग्णाची प्रत्येक भाषा स्वतंत्रपणे तपासता यावी यासाठी त्यांनी द्विभाषिक वाचाघात चाचणीही तयार केली.

याचा व्यवहारातील अर्थ एवढाच की, अमुक भाषा परतेल असे भाकीत आपण करू नये आणि एका भाषेत उत्तर आले नाही म्हणून दुसरीत येणार नाही, असेही मानू नये. प्रारंभी उल्लेखिलेल्या आजोबांच्या बाबतीत तेलुगू आधी आली व काही महिन्यांनी कामापुरती मराठी आली. दुसऱ्या रुग्णात याच्या उलट घडू शकते.

आणखी एक विलक्षण गोष्ट. पाठांतरातील व सवयीची वाणी पुष्कळदा वाचते. स्वतःचे नाव न सांगू शकणारा रुग्ण एक ते दहा अंक म्हणतो, वार म्हणतो, पंढरीची वारी केलेला असेल तर टाळाच्या ठेक्यावर अभंग म्हणतो, रागावला तर शिवीही स्पष्ट देतो. अशा वाणीत व गायनात उजव्या अर्धगोलाचा वाटा मोठा असतो. "भजन म्हणता येते, मग बोलायला काय होते?" असे म्हणून घरचे लोक रुग्णावर ढोंगाचा आळ घेतात. तो आळ दूर करणे आपले काम आहे. सन १९७३ मध्ये बोस्टन येथील तज्ज्ञांनी याच गायनक्षमतेचा आधार घेऊन सुरावर शब्द बांधण्याची उपचारपद्धती विकसित केली.

हैदराबादचा अभ्यास

आपल्यासारख्याच बहुभाषिक समाजातील संशोधन म्हणून हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूटमधील कार्याचा उल्लेख करावयास हवा. डॉ. सुवर्णा अल्लाडी व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ६४८ स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकभाषिकांच्या तुलनेत द्विभाषिकांमध्ये स्मृतिभ्रंशाची सुरुवात सुमारे साडेचार वर्षे उशिरा झाली होती. निरक्षर रुग्णांतही हा फरक दिसला. पुढे २०१६ मध्ये ६०८ पक्षाघाताच्या रुग्णांचा अभ्यास आला. त्यात आघातानंतर बौद्धिक क्षमता पूर्ववत असलेल्यांचे प्रमाण द्विभाषिकांत ४०.५ टक्के, तर एकभाषिकांत १९.६ टक्के होते. मात्र वाचाघाताचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच होते. दोन भाषा जाणणे हे वाणी जाण्यापासून संरक्षण नव्हे. मेंदूच्या इतर बौद्धिक कार्यांना त्यातून काही बळ मिळत असावे, एवढेच त्यावरून म्हणता येते. इतर देशांतील काही अभ्यासांत असा लाभ आढळलेला नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

याच संदर्भात पुष्य नक्षत्राच्या दिवशी सुवर्णप्राशनासाठी येणाऱ्या मातांचा एक प्रश्न आठवतो: "मूल उशिरा बोलते, घरात तेलुगू बंद करून फक्त मराठी बोलू का?" दोन भाषांमुळे मुलाचे बोलणे लांबते, या समजुतीस आधार नाही. दोन भाषा शिकणारे मूल काही काळ शब्दांची सरमिसळ करते, ती स्वाभाविक आहे. बोलणे खरोखर उशिरा येत असेल तर प्रथम श्रवणाची तपासणी करवून घ्यावी. आजीची भाषा बंद करण्याचा सल्ला कदापि देऊ नये.

व्यवहारात काय करावे?

१. तातडीचा प्रसंग ओळखावा. चेहरा एका बाजूस वाकडा होणे, एक हात गळणे, बोलणे अचानक अडखळणे किंवा निरर्थक होणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास लक्षणे सुरू झाल्याची वेळ नोंदवून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी व मेंदूची प्रतिमा घेण्याची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध योग्य रुग्णास साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. अशा वेळी आपल्याकडील कोणत्याही कल्पासाठी वेळ दवडणे हा रुग्णावर अन्याय आहे.

२. तोंडातून काहीही देऊ नये. गिळण्याची क्रिया बिघडलेली असल्यास पाणी, मध किंवा औषध श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. आघात गुठळीमुळे आहे की रक्तस्रावामुळे, हे प्रतिमा घेतल्याशिवाय कळत नाही. म्हणून रक्त पातळ करणारी गोळीही दुकानातून देऊ नये. "जीभ जड झाली, काहीतरी द्या" म्हणत ग्राहक आला, तर बाटली काढण्याआधी "कधीपासून?" हे विचारावे.

३. रुग्णपत्रिकेत भाषेचा रकाना असावा. आईशी कोणती भाषा, जोडीदाराशी कोणती, कामावर कोणती, वाचन व हिशेब कोणत्या भाषेत, हे चार प्रश्न नातेवाइकांना विचारून उत्तरे लिहून ठेवावीत.

४. प्रत्येक भाषेत तपासावे. "हात वर करा" यास तेलुगूत "चेयी एत्तंडी", कन्नडमध्ये "कै एत्तरी". "डोळे मिटा" यास तेलुगूत "कळ्ळु मूसुकोंडी", कन्नडमध्ये "कण्ण मुच्चरी". एवढी चार वाक्ये पाठ असली तरी पुष्कळ काम होते. उच्चार साधत नसेल तर घरच्या माणसाकडून वदवून घ्यावे. मात्र विचारताना हाताने खूण करू नये; रुग्ण खुणेची नक्कल करतो आणि आकलन आहे, असा उलटा भ्रम होतो.

५. 'हो' वर विसंबू नये. वाचाघाताचे अनेक रुग्ण प्रत्येक प्रश्नास 'हो' म्हणतात. "जेवणाआधी घेता ना?" यास 'हो' आले, तर "जेवणानंतर घेता ना?" असेही विचारून पाहावे. दोन्हींस 'हो' असेल तर ती माहिती निरुपयोगी समजावी. औषधाच्या पुडीवर अक्षरांबरोबर सूर्य, चंद्र, ताट अशा खुणा काढून द्याव्यात. वाचाघातात वाचनही गेलेले असू शकते.

६. वाणी-उपचारतज्ज्ञाकडे अवश्य पाठवावे. मुंबईतील अली यावर जंग संस्था व म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक्‌-श्रवण संस्था या क्षेत्रातील राष्ट्रीय संस्था होत. अभ्यंग, बस्ती, नस्य किंवा मेध्य औषधे योग्य अवस्थेत योजताना रुग्णालयातून सुरू झालेली औषधे परस्पर बंद करू नयेत आणि आपण काय देत आहोत, ते त्या चिकित्सकांना कळवावे. शब्द परत शिकवण्याचे काम कोणतेही औषध एकटे करीत नाही. त्यासाठी रोजचा संवाद लागतो, आणि तो घरच्या भाषेतच सर्वांत सहज घडतो.

समारोप

दर्शन, स्पर्शन व प्रश्न ही त्रिविध परीक्षा आपण रोज करतो. चरकाचार्यांनी विमानस्थानात देशपरीक्षा सांगताना रुग्ण कोणत्या देशात जन्मला, कोठे वाढला व कोठे आजारी पडला, हे जाणून घेण्यास सांगितले आहे. जन्माची भाषा, वाढीची भाषा आणि आजारपणाच्या वेळची भाषा हेच तीन प्रश्न वाचाघाताच्या रुग्णाबाबत कळीचे ठरतात. सोलापुरात तर त्यांची उत्तरे एकाच माणसाच्या बाबतीत तीन निरनिराळी असू शकतात.

'आकलन नाही' हे दोन शब्द लिहावयास दोन क्षण लागतात. परंतु त्या शब्दांनंतर घरातले लोक रुग्णाशी बोलणे कमी करतात, आणि ज्याच्याशी कोणी बोलत नाही त्याची वाणी परतणे अधिकच कठीण होते. म्हणून यापुढे ती नोंद करण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःस एकदा विचारावे: मी कोणत्या भाषेत विचारले? माझ्या त्या रुग्णपत्रिकेवरील खोडलेल्या ओळीखाली मी नंतर एवढेच लिहिले, 'तेलुगूत सर्व समजते.' ते लिहिण्याची बुद्धी मला त्या नातीमुळे झाली, याची नोंद येथे कृतज्ञतापूर्वक करतो.